अर्धा डॉलर, अर्धी गोष्ट

ताई,

मी बावीस वर्षांचा आहे. आमचा तिघांचा संघ प्रश्नमंजूषा स्पर्धेच्या अंतिम फेरीत पोचलाय, सात आठवडे हातात आहेत. माझ्या वाट्याला ‘जगाच्या इतिहासातले राजकीय नेते’ हा विषय आला. वाचायचं डोंगराएवढं आणि रात्री दहा वाजले की डोळे मिटतात. संघातल्या मित्राने मला जागायच्या चार गोळ्या दिल्या, कापलेल्या पाकिटातल्या. म्हणाला, ‘केनेडी घ्यायचा, ब्रिटनचा पंतप्रधान ईडन घ्यायचा, हिटलरचं सगळं सैन्य घ्यायचं. तुला काय धाड भरलीय?’ दोन घेतल्या. पहिल्या रात्री पहाटे पाचपर्यंत बसलो, इतकं भारी कधीच वाटलं नव्हतं. दुसऱ्या वेळी छाती धडधडत राहिली आणि पुढचे दोन दिवस कुणाशी बोलावंसंही वाटलं नाही. पहिल्या रात्रीची वही नंतर उघडली तर चौदा पानं भरलेली, त्यातली सहा अमेरिकेच्या अध्यक्षांच्या एकाच यादीची, पुन्हापुन्हा, वेगवेगळ्या शाईत.

पुढच्या गोळ्यांना पैसे पडणार आहेत. आजोबा जहाजावर होते, त्यांच्या डबीत तीन नाणी आहेत: केनेडीचा १९६४ चा अर्धा डॉलर, १७८० सालचं एका राणीचं मोठं चांदीचं नाणं आणि १९३६ ची ब्रिटिश पेनी. मित्र म्हणतो, १९३६ म्हणजे आठवा एडवर्ड, त्याचं नाणं दहा लाख पौंडांना गेलंय. तिन्ही मला दे, मी विकतो, गोळ्यांचे कापून बाकीचे तुझे. पेनी काळी पडली होती, ती मी टूथपेस्टने घासून लख्ख केली. गोळ्या चालू ठेवू का? नाणी देऊ का? आणि मित्राला काय सांगू?

— जागरणवाला

*

जागरणवाल्या,

उरलेल्या दोन गोळ्या घेऊ नकोस. नाणी डबीत ठेव आणि डबी मित्राच्या हाती देऊ नकोस. पेनीला पुन्हा टूथपेस्ट लावू नकोस. आता सावकाश बोलू.

आधी छातीचं. मी डॉक्टर नाही, त्यामुळे तुझी धडधड साधी होती की नव्हती ते इथे बसून सांगणार नाही. या आठवड्यात डॉक्टरांकडे जा, रक्तदाब आणि नाडी बघून घे, आणि काय घेतलं होतं ते न लाजता सांग. ते पाकीटही बरोबर ने. छातीत दुखलं, दम लागला, अंग तापलं, डोकं भरकटल्यासारखं झालं किंवा झटका आला तर मात्र आठवडा बिठवडा नाही, त्याच क्षणी तातडीच्या उपचारांसाठी जायचं. नंतरचे दोन दिवस जे वाटलं, ती उत्तेजक औषध उतरतानाची नेहमीची मरगळ असू शकते. थकवा, झोप, चिडचिड, सगळं निरर्थक वाटणं. बहुतेकदा ती आपोआप ओसरते. ओसरली नाही, किंवा जीव नकोसा वाटायला लागला, तर तेही डॉक्टरांना त्याच दिवशी सांगायचं.

तुझ्या पत्रातला ‘कापलेलं पाकीट’ हा शब्द मी दोनदा वाचला. गोळ्यांच्या पट्टीवर औषधाचं नाव, मात्रा आणि मुदत छापलेली असते. चार गोळ्यांचा तुकडा कापला की नावातली तीन अक्षरं एका तुकड्यावर राहतात आणि उरलेली भलत्याच माणसाच्या खिशात जातात. तू काय गिळलंस हे तुला ठाऊक नाही. मित्रालाही ठाऊक नसावं. ॲम्फेटामीन असेल, मिथाइलफेनिडेट असेल, मोडाफिनिल असेल, किंवा यातलं काहीच नसेल आणि कुणीतरी घरच्या घरी दाबलेली गोळी असेल. या तिन्ही औषधांची मात्रा वेगळी, शरीरात टिकण्याचा वेळ वेगळा, कोणत्या दुसऱ्या औषधाबरोबर घातक ठरतात तेही वेगळं. काही नैराश्यविरोधी औषधांशी ॲम्फेटामीनची गाठ पडली तर रक्तदाब जिवावर बेतेल इतका चढू शकतो.

कायद्याचंही ऐकून ठेव. ॲम्फेटामीन, मेथॲम्फेटामीन आणि मिथाइलफेनिडेट ही तिन्ही संयुक्त राष्ट्रांच्या १९७१ च्या मनोप्रभावी द्रव्यांच्या कराराच्या दुसऱ्या अनुसूचीत आहेत. म्हणजे जगात जवळपास कुठेही ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय बाळगणं गुन्ह्यात मोडू शकतं, आणि दुसऱ्याला देणं त्याहून वाईट. मित्र ‘गोळ्यांचे कापून’ असं सहज म्हणतोय, पण त्या वाक्यात तो विक्रेता झालाय आणि त्याचं त्यालाच कळलेलं नाही.

आता त्याचा युक्तिवाद. तो खोटं बोलत नाही, हे मला मान्य करावंच लागेल. केनेडी, ईडन आणि जर्मन सैन्य, तिन्ही गोष्टी खऱ्या. फक्त प्रत्येक गोष्ट तो मध्यंतराला सोडून उठतो. तुझा विषयच हा आहे, तर पुढचा भाग तुला माहीत हवा.

अँथनी ईडनपासून सुरू करू, कारण त्याची कथा मला सगळ्यांत करुण वाटते. एप्रिल १९५३ मध्ये त्याच्या पित्ताशयाची शस्त्रक्रिया झाली आणि तीत पित्तनलिकेला इजा झाली. दुरुस्तीसाठी त्याला बोस्टनला जावं लागलं. तेव्हापासून अधूनमधून जबर ताप यायचा तो कायमचाच. १९५५ मध्ये तो पंतप्रधान झाला. २६ जुलै १९५६ ला इजिप्तच्या अध्यक्ष नासरने सुएझ कालव्याचं राष्ट्रीयीकरण केलं आणि ईडनचे दिवस-रात्र एक झाले. झोपेसाठी बार्बिच्युरेट, जागण्यासाठी बेंझेड्रिन म्हणजे ॲम्फेटामीन. दोन्ही एकाच गोळीत असलेलं ड्रिनामिलही होतं. ५ ऑक्टोबरला तो रुग्णालयात पत्नीला भेटायला गेला आणि तिथेच तापाने कोसळला. अंगात १०६ फॅरनहाइट ताप. महिन्याभरात ब्रिटिश फौजा इजिप्तमध्ये उतरल्या, अमेरिकेने डोळे वटारले, ६ नोव्हेंबरला युद्धबंदी जाहीर करावी लागली. त्याच महिन्यात तो विश्रांतीसाठी जमैकाला गेला आणि ९ जानेवारी १९५७ ला त्याने राजीनामा दिला. सुएझचा निर्णय गोळ्यांनी घेतला असं कुणी म्हटलं तर मी मान्य करणार नाही. त्याला राजकारणातली पुष्कळ कारणं होती आणि इतिहासकार अजून त्यावर भांडतात. पण ‘ईडन घ्यायचा’ हे वाक्य शिफारस म्हणून वापरायला माणसाचं धाडसच पाहिजे.

केनेडीचंही तसंच. त्याला ॲडिसनचा आजार होता, पाठीचं दुखणं तर रोजचंच. न्यूयॉर्कचा डॉक्टर मॅक्स जेकबसन त्याला इंजेक्शनं द्यायचा, त्यात जीवनसत्त्वांच्या जोडीने ॲम्फेटामीन असे. जून १९६१ मध्ये व्हिएन्नाला सोव्हिएत नेता ख्रुश्चेव्हशी भेट झाली तेव्हा हा जेकबसन तिथे होता आणि त्याच्या स्वतःच्या म्हणण्यानुसार त्याने तिथेही सुई टोचली. भेट कशी झाली? केनेडीनेच नंतर एका पत्रकाराजवळ कबूल केलं की ख्रुश्चेव्हने त्याला पार झोडपून काढलं. व्हाइट हाउसमधले इतर डॉक्टर या इंजेक्शनांवर नाराज होते. जेकबसनचा आणखी एक रुग्ण होता, केनेडी कुटुंबाची सुंदर छायाचित्रं काढणारा मार्क शॉ. तो १९६९ मध्ये सत्तेचाळिसाव्या वर्षी गेला आणि शवविच्छेदनात कारण निघालं ॲम्फेटामीनची विषबाधा. १९७५ मध्ये जेकबसनचा परवाना रद्द झाला. तुझ्या मित्राच्या गोष्टीत ना मार्क शॉ आहे, ना १९७५.

आणि जर्मन सैन्य. बर्लिनच्या टेमलर कंपनीने १९३८ मध्ये पेर्व्हिटिन बाजारात आणलं, म्हणजे शुद्ध मेथॲम्फेटामीन, सुरुवातीला चिठ्ठीशिवाय मिळणारं. १९४० च्या एप्रिल ते जुलैत पेर्व्हिटिन आणि तशाच आयसोफॅनच्या मिळून साडेतीन कोटी गोळ्या सैन्याकडे गेल्या. इथपर्यंत मित्राला ठाऊक आहे. पण १९४१ मध्ये खुद्द नाझी सरकारनेच पेर्व्हिटिन अफूच्या कायद्याखाली आणून त्यावर निर्बंध घातले. लोकांना त्याची चटक लागते आणि एकदा ताणलेल्या माणसाला सावरायला दिवसच्या दिवस लागतात, हे त्यांच्या आरोग्य खात्याच्या लक्षात आलं होतं. ज्या राजवटीला माणसाच्या जिवाची काडीची किंमत नव्हती, तिलाही हे परवडेना. निर्बंध घालूनही सैन्यात वापर चालू राहिला, हेही सांगते, नाहीतर मीही तुझ्या मित्रासारखीच व्हायचे.

(हिटलर स्वतः काय घ्यायचा याबद्दल तुला ढिगाने मजकूर सापडेल. त्याचा डॉक्टर थिओडोर मोरेल इंजेक्शनांवर इंजेक्शनं द्यायचा आणि तशा नोंदी ठेवायचा, एवढं पक्कं. तो रोज मेथॲम्फेटामीनवर होता की नाही यावर इतिहासकारांत एकमत नाही. स्पर्धेत असा प्रश्न आला तर आधी प्रश्नकर्त्याचा चेहरा बघ.)

‘पण मला तर भारी वाटलं होतं’ असं तू म्हणशील. वाटणारच. ही औषधं मेंदूत डोपामीन आणि नॉरएपिनेफ्रिन ही रसायनं वाढवतात. थकवा झाकला जातो, कंटाळवाणं काम गोड लागतं आणि आपण हुशार आहोत अशी खात्री पटते. ही खात्रीच घोळ करते. २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी चाळीस निरोगी माणसांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. वेगवेगळ्या वजनांच्या आणि किमतींच्या वस्तूंपैकी ठरावीक वजनाच्या आत जास्तीत जास्त किमतीच्या वस्तू पोत्यात भरा, असं कोडं. मिथाइलफेनिडेट, मोडाफिनिल, डेक्सॲम्फेटामीन आणि नुसती साखरेसारखी निरुपद्रवी गोळी, असं आलटून पालटून दिलं. औषध घेतलेली माणसं जास्त वेळ झटली, वस्तू जास्त वेळा आत-बाहेर केल्या, आणि त्यांच्या प्रयत्नांचा दर्जा घसरला. साध्या गोळीवर सरासरीच्या वर असलेल्यांपैकी पुष्कळजण औषधावर खाली आले.

आता तुझी वही उघड. सहा पानं, एकच यादी, वेगवेगळ्या शाईत. तुला तो प्रयोग वाचायची गरजच नव्हती, तुझ्या टेबलावर तो पडलेला आहे. पेन बदलायचं लक्षात राहिलं, यादी आधीच झालीय हे राहिलं नाही. मला तर ती सहा पानं फाडू नयेत असं वाटतं.

एक गोष्ट मात्र नीट लक्षात घे. याच औषधांतली काही लक्ष विचलित राहण्याच्या विकारासाठी डॉक्टर विचारपूर्वक देतात, आणि ज्यांना ती लागतात त्यांचं आयुष्य त्यांनी खरंच सुधारतं. मिथाइलफेनिडेटची जन्मकथाही गमतीची आहे: सीबा कंपनीच्या लिआंद्रो पानित्सोनने ते १९४४ मध्ये तयार केलं, आणि टेनिसच्या आधी ते घेणाऱ्या त्याच्या बायकोच्या ‘रीटा’ या लाडक्या नावावरून पुढे ते ‘रिटालिन’ झालं. हा प्रश्न प्रश्नमंजूषेत हमखास असतो. तर, तुझं लक्ष लहानपणापासूनच कुठे टिकत नसेल, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जा आणि रीतसर तपासून घे. पण दिवसभर वाचून रात्री दहाला डोळे मिटणं हा विकार नव्हे रे, ती झोप आहे.

चहा-कॉफीला माझी हरकत नाही. निरोगी प्रौढाला दिवसाला ४०० मिलिग्रॅमपर्यंत कॅफीन सहसा बाधत नाही. पण ते अर्धं व्हायलाच साधारण पाच तास लागतात. रात्री नऊला घेतलेलं दोन वाजता निम्मं अंगात असतं आणि झोपेची वाट लावतं. ज्या झोपेत दिवसभर वाचलेलं डोक्यात पक्कं बसतं, तीच तू कापत होतास.

आता नाणी. खरं सांगायचं तर पत्रातला हा भाग मी आधी वाचला.

पेनीने सुरुवात करू, कारण तिथे मित्राने सगळ्यांत मोठा बार उडवलाय. आठवा एडवर्ड १९३६ च्या जानेवारीत गादीवर आला आणि डिसेंबरमध्ये पायउतार झाला, हे खरं. त्याचं एक नाणं दहा लाख पौंडांना गेलं, हेही खरं, २०२० मध्ये. पण ते सॉव्हरिन नावाचं सोन्याचं नाणं होतं, चलनात न आलेल्या नमुना नाण्यांपैकी. आणि एडवर्डच्या त्या नमुन्यांवर साल आहे १९३७, कारण नवी नाणी नव्या वर्षापासून काढायची होती. १९३६ सालच्या पेनीवर पाचवा जॉर्जच आहे. भिंग घे आणि बघ: दाढी आहे ना? एडवर्डला दाढी नव्हती. शिवाय जॉर्जचं तोंड डावीकडे आहे. परंपरेप्रमाणे प्रत्येक नव्या राजाचं तोंड आधीच्याच्या विरुद्ध बाजूला असतं, म्हणजे एडवर्डचं उजवीकडे यायला हवं होतं. पण त्याने हट्ट धरला की माझी डावी बाजू चांगली दिसते, तीच छापा. हे स्पर्धेसाठी लिहून ठेव. १९३६ च्या पेन्या पंधरा कोटींच्या घरात पाडल्या गेल्या होत्या. तुझी पेनी आजोबांची आठवण म्हणून मोलाची, बाजारात चिल्लर.

आणि ती चिल्लर तू घासलीस. काशाच्या जुन्या नाण्यावर हळूहळू तपकिरी थर चढतो, संग्राहकाला तोच हवा असतो. टूथपेस्टमध्ये घासणारी पूड असते. उजेडात नाणं तिरपं धरलंस की केसासारखे बारीक ओरखडे एकाच दिशेने गेलेले दिसतील. जाणकाराला ते दोन सेकंदांत दिसतात, आणि एरवी चांगल्या नाण्याचा भावही तिथेच कोसळतो. शाळेत असताना मी एक तांब्याचं नाणं असंच भांडी घासायच्या पुडीने चकचकीत केलं होतं आणि आठवडाभर सगळ्यांना दाखवत फिरले होते. ज्यांना दाखवायला हवं होतं त्या गृहस्थांनी ते हातात घेतलं, परत दिलं आणि विषय बदलला. तुझं नशीब चांगलं की तू तिन्हींतलं सगळ्यांत स्वस्त नाणं निवडलंस.

१७८० ची राणी म्हणजे ऑस्ट्रियाची मारिया थेरेसा, सोळा मुलांची आई, फ्रान्सची राणी झालेल्या मारी आंत्वानेतचीही. या नाण्याला थेलर म्हणतात. डोक्यावरून घेतलंय ते विधवेचं वस्त्र. नवरा १७६५ मध्ये गेला होता. ती स्वतः १७८० मध्ये वारली आणि तिथून या नाण्याची खरी मजा सुरू होते. तांबड्या समुद्राच्या दोन्ही किनाऱ्यांवरचे व्यापारी, अरबस्तानापासून इथिओपियापर्यंत, दुसरं नाणं घ्यायलाच तयार होईनात. त्यांना हाच चेहरा, हेच साल हवं. मग टांकसाळींनी तेच साल घालून नाणी पाडणं चालू ठेवलं, व्हिएन्नाने, पुढे रोम, लंडन, पॅरिस आणि मुंबईनेही. म्हणजे नाण्यावर १७८० आहे म्हणून ते १७८० चं आहे असं अजिबात नाही; ते १९४० चंही असू शकेल. आजोबा जहाजावर होते म्हणतोस, तर एखाद्या त्या बाजूच्या बंदरात ते हातात आलं असणं अगदी शक्य आहे. वजन २८ ग्रॅमच्या जरा वर भरायला हवं, त्यात चांदी हजारात ८३३ भाग, म्हणजे साधारण २३.४ ग्रॅम शुद्ध चांदी. तुझ्या थेलरची किंमत बहुधा त्या चांदीइतकी आणि वर थोडी. खरोखरीचं जुनं असेल तर ते बारीकसारीक खुणांवरून ठरतं, ते काम जाणकाराचं.

राहिला केनेडी. २२ नोव्हेंबर १९६३ ला त्याची हत्या झाली, ३० डिसेंबरला कायदा झाला आणि मार्च १९६४ मध्ये अर्धा डॉलर लोकांच्या हाती आला. लोकांनी तो खर्चलाच नाही, आठवण म्हणून घरात ठेवला. एकट्या १९६४ सालचे चाळीस कोटींहून अधिक पाडले गेले, म्हणून दुर्मीळ म्हणायची सोय नाही. पण १९६४ ला एक मान आहे. त्या वर्षीच्या नाण्यात ९० टक्के चांदी होती; १९६५ ते १९७० मध्ये ती ४० टक्क्यांवर आली, आणि १९७१ पासून सर्वसाधारण नाण्यात शून्य. तुझ्याकडचा तेव्हा साडेबारा ग्रॅमचा असेल आणि त्यात सव्वाअकरा ग्रॅम चांदी. दागिन्यांच्या लहान काट्यावर वजन कर. मग नाणं आडवं धरून कड बघ: चांदीच्या नाण्याची कड एकसारखी पांढरी असते, नंतरच्या नाण्यांच्या कडेत तांब्याची लाल रेघ मधोमध दिसते. चुंबकाला चिकटलं तर विषयच संपला.

आणखी एक बघ. केनेडीच्या मानेच्या कापलेल्या कडेवर एक वळणदार खूण आहे. ती गिलरॉय रॉबर्ट्स या खोदकाम करणाऱ्याच्या आद्याक्षरांची. १९६४ मध्ये काही लोकांनी ती विळा-हातोडा म्हणून ओळखली आणि टांकसाळीत कम्युनिस्ट घुसले अशी बोंब ठोकली. अधिकाऱ्यांना खुलासा करावा लागला.

तिन्ही मिळून हिशेब असा: दोन नाणी चांदीच्या भावाची, एक शून्याच्या जवळची. श्रीमंत होत नाहीस, पण गोळ्यांच्या बदल्यात द्यायची तर मुळीच नाहीत. पुढेमागे विकायचीच झाली तर किंमत सांगणारा आणि विकत घेणारा एकच माणूस नको. कुणी काय मागतंय ते बघू नकोस, लिलावात खरोखर कितीला गेलं ते बघ. मागणारा काहीही मागतो. आणि ‘लाखो देतो, आधी नोंदणीचं शुल्क भरा’ असं कुणी म्हणालं तर फोन ठेव. तोवर नाणी कडेने धरायची, चेहऱ्यावर बोट ठेवायचं नाही, आणि मऊ, वास मारणाऱ्या प्लास्टिकच्या पिशवीत ठेवायची नाहीत. तिच्यातून सुटणाऱ्या रसायनाने नाण्यावर हिरवा चिकट थर धरतो. कागदी पाकीट चांगलं.

अभ्यासाचं थोडक्यात. सात आठवडे म्हणजे एकोणपन्नास रात्री, त्या झोपून काढ. संध्याकाळी जे वाचलंस ते सकाळी वही मिटून आठव, तीन दिवसांनी पुन्हा, मग दहा दिवसांनी. यादी लिहून काढण्यापेक्षा आठवायला लावणारं काम मेंदूत जास्त टिकतं. आणि प्रत्येक किश्श्याला मित्रासारखं मध्यंतरात सोडू नकोस, ‘मग काय झालं’ विचार. नेपोलियन बुटका होता म्हणतात: त्याची उंची ५ फूट २ इंच नोंदलीय, पण फ्रेंच मापाने, जिथे इंचच मोठा होता, आपल्या हिशेबाने सुमारे १६८ सेंटिमीटर, त्या काळात चारचौघांसारखा. जॉर्ज वॉशिंग्टनने चांदीचा डॉलर पोटोमॅक नदीपलीकडे भिरकावला म्हणतात: अमेरिकेचा पहिला चांदीचा डॉलर निघाला १७९४ मध्ये, तेव्हा तो साठी ओलांडलेला अध्यक्ष होता, आणि त्याच्या घरापाशी ती नदी दीडेक किलोमीटर रुंद आहे. याउलट लिंकनला गोळी लागली तेव्हा त्याच्या पाकिटात शत्रूची, म्हणजे दक्षिणेच्या बंडखोर सरकारची, पाच डॉलरची नोट होती, ही ऐकायला थाप वाटते आणि ती खरी आहे. दहाच दिवस आधी तो त्यांच्या पडलेल्या राजधानीत, रिचमंडला जाऊन आला होता. ती एवढी एक गोष्ट पूर्ण कळली की अमेरिकेच्या त्या यादवी युद्धाचा शेवटचा पंधरवडा तुला तारखांसकट पाठ होतो, रात्री न जागता.

मित्राला काय सांगू, असं विचारलंस. गोळ्यांचं सरळ ‘नको’ म्हण, कारणं देत बसू नकोस. कारणांवर तो वाद घालेल आणि वादात तो तुझ्याहून तयार दिसतो. तोही घेत असेलच. तेव्हा डॉक्टरांकडे जाताना त्यालाही ओढून ने, तिसऱ्याला कळवायची गरज नाही. उरलेल्या दोन गोळ्या त्याला परत देऊ नकोस, तो त्या स्वतः घेईल. डॉक्टरांकडे नेल्यावर त्यांनाच विचार, नष्ट कशा करायच्या.

आणि थेलर काट्यावर ठेवलास की त्याची कड भिंगाखाली फिरवून बघ. तिथे लॅटिनमध्ये तीन शब्द उठवलेले आहेत, राणीचं ब्रीद, ‘न्यायाने आणि दयेने’. प्रश्नकर्ते चेहरा विचारतात, कड क्वचितच. पण अंतिम फेरी आहे, सांगता येत नाही.

— ताई